तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्या गाडीवर मी का शिकवत नाही

मी गाडी शिकवते. प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. "मॅडम, पोराचं लायसन आलंय, नवीन गाडी घेतलीये, चार दिवस त्याच गाडीवर हात साफ करून द्या ना." मी नाही म्हणते. मग "पैसे वाढवून देतो की." तरी नाही म्हटलं की शेवटी खरं ते येतं, "म्हणजे तुमचं म्हणणं काय, नवीन पोरांनी मोठी गाडी चालवूच नये?"

हो, साधारण तेच म्हणणं आहे. पहिली दोन वर्षं तरी. आणि हे आईबापाच्या मर्जीवर न सोडता कायद्यात यावं.

कल्याणीनगरच्या पोर्शे अपघाताचं उदाहरण मला देऊ नका, मे २०२४ पासून प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. तो मुलगा अल्पवयीन होता, त्याला गाडी चालवायचीच परवानगी नव्हती, म्हणजे मी मागते तो नियम असता तरी तिथे काही थांबलं नसतं, हे मी आधीच मान्य करते. मी बोलतेय ती लायसन असलेल्या, ट्रायल नीट दिलेल्या, दारूला हात न लावलेल्या साध्या घरच्या मुलामुलींबद्दल. माझ्याकडे तीच येतात आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आपल्याकडे एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन म्हणजे ७५०० किलोपर्यंतचं काहीही. लर्निंग काढल्यावर ३० दिवसांनी ट्रायल देता येते, आणि पास झालात की जुनी अल्टो ८०० चालवा, ४७-४८ बीएचपीची, नाहीतर इथे चाकणला बनते ती महिंद्राची बीई ६ चालवा, मोठ्या बॅटरीची, २८० बीएचपीच्या वर, कायद्याला दोन्ही सारखंच. बरं, नवख्याच्या हातात कमी ताकद द्यावी हे आपल्या कायद्याला नवीन आहे असंही नाही, १९८८ च्याच मोटार वाहन कायद्यात १६ वर्षांच्या मुलाला ५० सीसीपर्यंतचीच दुचाकी आहे ना. मग चारचाकीला काय झालं? इटलीत नवीन लायसनवाल्याला २०११ पासून किलोवॅटची, म्हणजे गाडीच्या ताकदीची, मर्यादा आहे. माझी मामेबहीण सिडनीला असते, तिच्या मुलाच्या गाडीवर लाल पी, म्हणजे नवख्याची पाटी, लागला तेव्हा गाडी घेण्याआधी ते यादीत बघत होते की ही चालते का, तिकडे वजनाच्या टनामागे १३० किलोवॅटच्या वर नवख्याला मनाई आहे. आणि कुणाला त्यात अपमान वाटत नव्हता.

पूर्वी मी हे बोलत नव्हते. पूर्वी माझं ठरलेलं वाक्य होतं की गाडीची ताकद महत्त्वाची नाही, डोकं शांत पाहिजे, शांत डोक्याचा मुलगा कुठलीही गाडी चालवेल. ते वाक्य अजूनही मला पूर्ण खोटं वाटत नाही, म्हणून तर त्या रविवारचं सविस्तर सांगते.

मुलगा शांत डोक्याचाच होता. माझ्याच वॅगनआरवर शिकलेला, हाफ क्लचवर चढाला गाडी धरायचा, आरशात बघायची सवय होती, नाशिक फाट्याच्या ट्रॅकवर पहिल्या फटक्यात पास. वडिलांनी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली, कुठली ते लिहीत नाही, बीई ६ नव्हती, गाडीत काही दोषही नव्हता. मी शेजारी बसून आधी रिकाम्या प्लॉटवर पुढे-मागे करून घेतलं आणि मग सकाळी स्पाइन रोडला काढली, ट्रॅफिक नव्हतं, चाळीसच्या आसपास स्पीड, सगळं छान चाललेलं. डिव्हायडरच्या गॅपमधून एक स्कूटर वळली, नवराबायको होते. मी "ब्रेक" म्हणाले. त्याच्याही डोक्यात ब्रेकच होता. पाय रेसवर होता आणि पायाने तिथेच जोर केला.

नंतर पोलीस चौकीत तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "मी ब्रेकच दाबत होतो मॅडम." आणि ते खरं होतं हो, त्याच्या मनाने तो ब्रेकच दाबत होता, गाडी थांबत नाही म्हणून अजून जोरात दाबत होता. वॅगनआरमध्ये तिसऱ्या गिअरला असं कुणी केलं तर आधी इंजिन ओरडतं, मग गाडी ओढ घेते, त्या ओरडण्यानेच पोरं दचकून पाय काढतात, मी कितीदा पाहिलंय. इथे आवाज नाहीच. पाठ सीटला चिकटली एवढंच कळलं. माझा उजवा पाय सवयीने खाली गेला आणि मॅटवर आपटला, कारण माझ्या पायाखालचा ब्रेक माझ्या गाडीत असतो, डबल कंट्रोल स्कूलच्या गाडीला बंधनकारक आहे, तुमच्या गाडीला कुठून येणार. हात मधल्या हँडब्रेककडे गेला तर तिथे दांडाच नाही, बटण, ते कुठे आहे ते शोधेपर्यंत वेळ कुणाकडे होता. मी स्टीअरिंग डावीकडे ओढलं. गाडी स्कूटरच्या मागच्या भागाला घासून फुटपाथवर चढली आणि विजेच्या खांबाला जाऊन थांबली.

स्टीअरिंग ओढलं म्हणून झालं असं म्हणणारेही निघाले. सरळ गेली असती तर ती दोघं बॉनेटखाली आली असती. यावर मी यापुढे वाद घालणार नाही.

एअरबॅग उघडल्या, मुलाला खरचटलंसुद्धा नाही, मला खांद्याला मुका मार. स्कूटरवरच्या बाईंची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, रॉड घातला. कंपनीच्या कँटीनला होत्या, दिवसभर उभ्याने काम, ते गेलं. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्यांनी एकच चौकशी केली, की क्लेममध्ये बुडालेला पगार पण मिळतो का. मला नीट सांगता आलं नाही, वकिलाचा नंबर देऊन आले. केस ट्रिब्युनलला चालू आहे.

मुलाचे वडील अजून म्हणतात, पाय चुकला, तो अल्टोतही चुकला असता. बरोबर, चुकलाच असता! नवख्याचा पाय चुकणारच, मी गाडी शिकवते म्हणजे तेच तर रोज बघते. पण तीच चूक गाडी किती मोठी करते ते बघा की. बीई ६ चा कंपनीचाच दावा आहे, ०-१०० ला ६.७ सेकंद, म्हणजे सेकंदाला सरासरी पंधराएक किलोमीटरने वेग वाढतो. दोन सेकंद पाय चुकीच्या जागी राहिला तर चाळीसचे सत्तर. आणि चाळीसचे सत्तर झाले की धडकेची ऊर्जा तिप्पट होते, शाळेतलं गणित आहे. तेवढ्या वेळात तिसऱ्या गिअरची वॅगनआर फार तर पन्नासपर्यंत गेली असती. पायाची चूक तेवढीच, समोरच्याच्या हाडांना फरक पडतो.

आता जिथे माझं अडतं तेही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलते. जून २०२४ ला छत्रपती संभाजीनगरजवळच्या शूलिभंजनच्या डोंगरावरून शिकताना रिव्हर्समध्ये गाडी दरीत गेली ती साधी सेडान होती, तिथे ताकदीची मर्यादा काही कामाची नव्हती. सिडनीसारखा टनामागे किलोवॅट मोजायचा म्हटला तर दोन टनांच्या आसपासची इलेक्ट्रिक गाडी त्यातून आरामात सुटते, वजन जास्त म्हणून आकडा कमी येतो, म्हणजे जी जास्त जड तीच पास, हे मला पटत नाही. इटलीवाल्यांनी वर एकूण ताकदीचंही कुंपण घातलंय, डिसेंबर २०२४ पासून १०५ किलोवॅट आणि तेही तीन वर्षं, ते बरं वाटतं. खंबाटकीला ट्रक ओलांडताना पिकअप लागतोच म्हणणाऱ्यांना माझं उत्तर आहे, नवख्याने ट्रकच्या मागे राहायचं, दहा मिनिटं उशीर होईल. पण "मग पोराला जुनी पत्र्याची अल्टो देऊ का, त्यात तोच मरेल" याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही. नव्या मोठ्या गाडीला सुरक्षेचे पाच स्टार असतात, सहा एअरबॅग असतात, आणि मी स्वतः त्यातून चालत बाहेर आलेय. आईबापाचा जीव आतल्यात अडकलेला असतो, त्यात त्यांचं काय चुकतं. फक्त ते पाच स्टार आत बसलेल्यांचे असतात, स्कूटरवाल्यांचे नाही, आणि आपल्या रस्त्यावर स्कूटरवालेच जास्त आहेत. म्हणून तर आईबापावर सोडू नका म्हणते, त्यांना दोन्ही बाजू बघणं जमणारच नाही, मलाही माझ्या मुलीच्या वेळी जमलं नसतं.

नियम केला तर पाळणार कोण, हे विचारू नका, हेल्मेटचं आपल्याकडे काय होतं ते मीही बघते. पण गाडीतच सोय करता येईल ना, नवख्याचा मोड, पिन टाकल्याशिवाय न निघणारा, ताकद अर्धी. आत्ताचा इको मोड तसा नाही, पोरगं बटण दाबून काढतं.

सध्या एक मुलगी येतेय, घरात एकच गाडी, तीच मोठी इलेक्ट्रिक, वडिलांचं डायलिसिस आणि आई गाडी चालवत नाही, आठवड्यातून दोनदा रिक्षा शोधत फिरतात. तिला दोन वर्षं थांब म्हणणं मला जमणार नाही, आणि त्या गाडीवर शेजारी बसणंही जमत नाहीये. मी मागते तो नियम उद्या आला तर पहिला फटका हिलाच बसेल, हे मला दिसतंय. तोवर ती माझ्या वॅगनआरवर येते, क्लच अजून सोडवत नाही, आणि आई रोज फोन करून विचारते अजून किती दिवस.