फुकागावातलं विकतचं पाणी

तोक्योच्या कोतो वॉर्डात, कियोसुमि-शिराकावा स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ, फुकागावा एदो म्युझियम आहे; फुकागावा हा इथला भाग आणि एदो हे तोक्योचं जुनं नाव. 400 येनचं तिकीट काढून आत गेलं की आधी खाली पसरलेली छपरं दिसतात. त्यांतल्या एकावर बसलेलं मांजर मधूनच म्याव करतं. जिना उतरलात की तुम्ही 1840 च्या सुमाराच्या सागाचो वस्तीत. तेल-खताची वखार, भाजीवाला, तांदूळ कांडून देणारा, आगीवर नजर ठेवायचा मनोरा, धक्क्याला बांधलेली होडी, सगळं खऱ्या मापाचं. दिवे मंदावतात, रात्र होते, पुन्हा उजाडतं.

हे सगळं नव्याने उभारलेलं आहे. 1923 चा भूकंप आणि 10 मार्च 1945 च्या रात्रीचा बॉम्बहल्ला, यांतून इथलं जुनं फारसं काही वाचलंच नाही. म्युझियम उघडलं 1986 साली.

मी रमले ती नागायात, म्हणजे तिथल्या बैठ्या चाळीत. एकेक खोली, दारातच चूल आणि लाकडी मोरी. चपला काढून आत बसता येतं, भांडी हातात घेता येतात. माणसांचे पुतळे नाहीत, पण सामानावरून कळतं: इथे शिंपल्यांचं मांस विकणारा, तिकडे शामिसेन हे तीन तारांचं वाद्य शिकवणारी बाई.

अंगणात सामायिक विहीर, तरी घरात पाण्याचा वेगळा रांजण. कशाला? तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांना विचारलं, तर ते उत्साहाने सांगत सुटले. फुकागावा भर घालून वसवलेलं, त्यामुळे विहिरीचं पाणी मचूळ. ते धुण्याभांड्यांना ठीक, पण पिण्याचं पाणी होड्यांतून यायचं आणि पाणीवाले ते खांद्यावरून दारोदार विकायचे. चहूकडे कालवे, आणि तहानेला पाणी विकतचं! उलट सामायिक संडासातला मैला शेतकरी खतासाठी पैसे देऊन न्यायचे. ते पैसेही भाडेकरूंना नाहीत, चाळ सांभाळणाऱ्याला.

तलवारी आणि चिलखतं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतून लढाया कळतात. पण सकाळी उठून भात शिजवायला पाणी कुठून आणायचे, हे मला जास्त जवळचं वाटतं, आणि ते इतक्या आपुलकीने जपणाऱ्या त्या वॉर्डाबद्दल फार आदर वाटतो.

आता पुन्हा जाईन तेव्हा आजोबांना विचारायचंय, वादळात होड्या बंद राहिल्या की ही माणसं काय प्यायची?