देवमाशाचा कान आणि गाईचा घोटा

मागच्या महिन्यात आमचे व्याही पुण्याहून चार दिवसांसाठी बडोद्याला आले होते. पशुवैद्यकीय सेवेत उभी हयात घालवलेल्या या गृहस्थांना राजवाड्यापेक्षा कमाटीबागेतले संग्रहालय पाहण्याची अधिक ओढ होती, याचे मला नवल वाटले नाही. बडोद्यात वाढलेल्या आमच्या पिढीच्या मराठी मुलांना सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या त्या संग्रहालयातल्या दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक असत, एक ‘ममी’ आणि दुसरा ‘देवमासा’. मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा हा सांगाडा सुमारे 22 मीटर लांबीचा असून त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना शाळकरी पोरे मोठ्याने पावले मोजतात.

डॉक्टरांनी पावले मोजली नाहीत. ते पुढच्या पराजवळ उभे राहून खांद्याचे पसरट हाड, त्याखालचे दंडाचे आखूड जाड हाड आणि पुढची दोन हाडे बोटाने हवेत गिरवत राहिले. “अहो, हा तर पुढचा पाय आहे,” ते म्हणाले, “फक्त वल्ह्याच्या आकाराचा झालेला. आता याचा मागचा पाय कुठे ठेवलाय ते सांगा.” मी म्हटले, “तो इथे मिळायचा नाही, डॉक्टर. त्यासाठी कच्छमध्ये जावे लागेल.”

त्यांना ती थट्टा वाटली. मी मात्र ते शब्दशः म्हणालो होतो. भूविज्ञानाचा विद्यार्थी असताना पश्चिम कच्छमधल्या खडकांवर आम्ही कित्येक दिवस पायपीट केली आहे. तेथील चुनखडकात नम्युलाइट नावाच्या सूक्ष्मजीवांची नाण्यांसारखी गोल कवचे इतकी खच्चून भरलेली असतात की मूठभर मातीत पाच-दहा सहज हाती लागतात, आणि ती जमवण्यातच आमचा सारा उत्साह संपून जात असे. त्याच भागातल्या हरुडी परिसरातील खडकांत, जे चार कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत, आद्य देवमाशांचे जीवाश्म मिळाले आहेत. जीवाश्मांचे अभ्यासक अशोक साहनी आणि विजयप्रकाश मिश्र यांनी 1975 साली ‘इंडोसीटस’ या आद्य देवमाशाचे वर्णन केले, पुढे ‘रेमिंग्टोनोसीटस हरुडिएन्सिस’ या नावात त्या लहानशा गावाचे नाव कायमचे जाऊन बसले, आणि 2000 साली सुनील बाजपेयी व हान्स थेविसन यांनी ‘कच्छिसीटस’ हा लहान चणीचा, पाणमांजरासारखी लांब शेपटी असलेला प्राणी जगापुढे आणला. मला स्वतःला तसे एकही हाड सापडले नाही, आणि सापडले असते तरी मी ते ओळखले नसते, हे प्रामाणिकपणे सांगितलेले बरे.

ओळखणार तरी कसे? ज्या प्राण्याला चार पाय आहेत, लांब मुस्कट आहे, अंगावर बहुधा केसही होते आणि जो नदीकाठी चालत होता, त्याला देवमासा कशाच्या आधारावर म्हणायचे, हा प्रश्न डॉक्टरांनीही लगेच विचारला. त्याचे उत्तर कानात आहे. सस्तन प्राण्यांच्या मधल्या कानाला वाटीसारखे एक हाड झाकून असते. बहुतेक प्राण्यांत या वाटीची भिंत सगळीकडे सारखी पातळ असते. देवमाशांत मात्र तिची आतली कड फुगून अतिशय जाड आणि घट्ट झालेली असते. जीवाश्मशास्त्रज्ञ फिलिप गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल यांनी 1981 मध्ये पाकिस्तानातून मिळालेल्या कवटीवरून ‘पाकिसीटस’ हे नाव दिले, तेव्हा त्याला देवमाशांच्या कुळात बसवण्यामागे ही जाड कड हे मोठे कारण होते. त्याची हाडे नद्यांनी आणलेल्या लालसर गाळाच्या खडकांत मिळाली, म्हणजे समुद्राशी त्याचा संबंध यायचा होता, आणि कान मात्र देवमाशाचा झालेला होता.

या कानाची सर्वांत विलक्षण हकीकत आपल्याच देशातली आहे आणि ती मराठीत फारशी कोणी सांगत नाही. भूवैज्ञानिक ए. रंगाराव यांनी जम्मूमधल्या कालाकोट भागातून जीवाश्मांनी भरलेले खडक गोळा केले होते आणि त्यातील काही दात व जबड्यांवरून 1971 साली त्यांनी ‘इंडोह्यूस’ या लहान खुरी प्राण्याला नाव दिले. उरलेले खडक न फोडताच राहिले. रंगाराव यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीकडून ते थेविसन यांच्याकडे गेले, आणि ते साफ करताना प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीचे कानाचे हाड चुकून मोडले. मोडलेल्या जागी तीच जाड कड दिसली. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या दगडांतून, एका धांदलीमुळे, देवमाशांच्या भूचर भाऊबंदाचा पत्ता लागला. थेविसन, बाजपेयी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर 2007 मध्ये तो प्रसिद्ध केला. इंडोह्यूस आकाराने मांजराएवढा आणि ठेवणीने आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरी हरणासारखा होता, पण त्याच्या पायांच्या हाडांच्या भिंती जाड होत्या, जशा पाण्यात बुडून तळाशी चालणाऱ्या पाणघोड्याच्या असतात. पिसोरीची एक आफ्रिकी नातलग धोका दिसताच पाण्यात उडी घेऊन बुडी मारते. इंडोह्यूसही पाण्याकडे प्रथम शिकारीसाठी न वळता जीव वाचवण्यासाठी वळला असावा, असे त्यामुळे सुचवले गेले. मला ही कल्पना पटते.

खुराचा उल्लेख आल्याबरोबर डॉक्टर सावरून बसले, कारण तो त्यांचा प्रांत. गाई, म्हशी, शेळ्या, हरणे, डुकरे, उंट आणि पाणघोडे या समखुरी प्राण्यांच्या घोट्यात एक हाड असते, ज्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना विहिरीवरच्या कप्पीसारखी खाच असते. “ते हाड अंधारात हातात दिलेत तरी सांगेन,” असे डॉक्टर म्हणाले, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. देवमासे कोणापासून आले, या वादात नेमके हेच हाड निर्णायक ठरले. देवमासे हे मेसोनिकिड नावाच्या लुप्त, खूर असलेल्या मांसाहारी प्राण्यांपासून आले, असे दातांच्या साम्यावरून पुष्कळ वर्षे मानले जाई, तर 1990 च्या दशकात जनुकांचा अभ्यास करणारे लोक पाणघोड्याकडे बोट दाखवू लागले होते. गिंगरिच पहिल्या मताचे होते. सप्टेंबर 2001 मध्ये त्यांच्याच चमूने बलुचिस्तानातील ‘रोडोसीटस’ आणि ‘आर्टिओसीटस’ या आद्य देवमाशांची घोट्याची हाडे जाहीर केली, तेव्हा ती दुहेरी कप्पीची निघाली आणि त्यांनी आपले जुने मत सरळ सोडून दिले. त्याच आठवड्यात थेविसन यांच्या गटाने पाकिसीटसच्या सांगाड्यातही तेच दाखवले. संशोधकाने स्वतःच्या खोदकामातून स्वतःचेच मत खोटे ठरवावे आणि ते छापावे, हे मला त्या हाडाइतकेच दुर्मिळ वाटते. याचा अर्थ देवमासा पाणघोड्यापासून आला असा मात्र नाही. दोघांचा पूर्वज एक होता, आणि देवमाशांचे जीवाश्म पाणघोड्यांच्या जीवाश्मांपेक्षा कितीतरी जुने आहेत.

पुढचा प्रवास कच्छच्या हाडांत चांगला वाचता येतो. दातांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वजनाने कमी-अधिक असलेल्या अणूंच्या प्रमाणावरून, प्राणी गोडे पाणी पीत होता की खारे, हे कळते. पाकिसीटसचे दात गोड्या पाण्याचे आहेत, तर टेथिस या आता लुप्त झालेल्या समुद्राच्या काठी, उथळ पाण्यात राहणाऱ्या कच्छच्या देवमाशांनी समुद्राचे पाणी पचवायला सुरुवात केली होती. कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्याही त्यांच्यात आधीच आखूड झाल्या होत्या, हे 2002 साली दाखवले गेले. मान जवळजवळ न वळवणाऱ्या प्राण्याला त्या मोठ्या असून चालत नाहीत. आजच्या निळ्या देवमाशात तर त्या माणसाच्या नळ्यांपेक्षाही लहान असतात. समोरच्या अजस्र कवटीकडे बघत असताना हे वाक्य मी डॉक्टरांना दोनदा सांगितले.

मागचा पाय मात्र हळूहळू गेला. 1834 मध्ये सरपटणारा प्राणी समजून ‘बॅसिलोसॉरस’ असे चुकीचे नाव दिला गेलेला पुढच्या काळातील अवाढव्य देवमासा पूर्णपणे समुद्राचा होता, आणि तरीही 1990 साली इजिप्तमधून त्याचे गुडघा व बोटांसह जेमतेम हातभर लांबीचे मागचे पाय सापडले. आजच्या देवमाशांत कमरेची दोन लहान हाडे कण्यापासून सुटून मांसात राहिलेली असतात. चालण्याचे काम संपले, जननेंद्रियांच्या स्नायूंना आधार देण्याचे उरले. पाठीचा कणा मात्र भूचराचाच राहिला. भरधाव कुत्र्याचा कणा वरखाली वाकतो, म्हणून देवमाशाची शेपटीही वरखाली हलते, माशासारखी डावी-उजवी नव्हे. आपण त्याला ‘मासा’ म्हणतो हे भाषेला शोभते, शेपटीला नाही.

बागेतून बाहेर पडताना विश्वामित्रीच्या पुलावर नेहमीप्रमाणे चार माणसे कठड्यावर वाकून मगर बघत होती. पाण्यावर फक्त डोळे आणि नाकपुड्या दिसत होत्या. 1994 मध्ये वर्णन केलेला ‘ॲम्ब्युलोसीटस’ हा चार पायांचा आद्य देवमासा असाच दबा धरून शिकार करत असावा, असे मी सांगतच होतो, एवढ्यात ती मगर वळली आणि शेपटी डावी-उजवी हलवत पुलाखाली गेली. डॉक्टरांनी आपला तळहात आधी तसा हलवून पाहिला, मग वरखाली हलवून पाहिला, आणि हरुडीला जायचे तर डिसेंबर बरा की जानेवारी, असे विचारले.