कारवार तयारी, महिना पाचवा: नाष्ट्यापायी ओहोटी गाठली

हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला दोन महिने वल्ही मारून मारून तासाला सहा किलोमीटरचा स्पीड आला होता, त्यामुळं गेल्या रविवारी कारवारच्या काळी नदीवर ट्रायलला गेलो ते जरा फुशारकीतच. नदीच्या मुखाजवळच्या सदाशिवगडापासून होडी सोडून वर कद्र्याच्या बाजूला जायचं ठरलं होतं. पण दोस्ताला आधी गरम भाजी-पुरी पाहिजे होती, मग चहा, मग फोटो, असं करत दोन तास गेले आणि पाण्यात उतरलो तेव्हा ओहोटी चांगली जोरात लागलेली. चाळीस मिनिटं जीव तोडून वल्ही मारायलोय आणि पुलाचा तोच खांब आपला शेजारी उभा! जीपीएसवर स्पीड दीडच्या आत. मी त्या खांबावरचे शिंपले मोजून आलोय म्हटलं तरी चालेल.

धरणाच्या पाण्यात दंड चालतो, खाडीत घड्याळ चालतं बघा. भरती-ओहोटी साधारण सहा-सहा तासांची, पण पाणी सारख्या वेगानं सरकत नाही. बारा भाग धरले तर पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक, म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांतच जातं, आणि आम्ही नेमके त्यातच घुसलो. वर परत पौर्णिमेचं उधाण.

धक्क्यावर मासे विकणाऱ्या मावशींनी हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, म्हणून टाइड टेबल बघायचंच, पण प्लॅन ठरवायला झकास. अष्टमी म्हणजे आठाचे सहा, सकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या सुमाराला तळ. शिवाय भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असतो, ओढ कमी.

म्हणून आता रूटच उलटा केलाय. वद्य अष्टमीला वरच्या बाजूनं सातला निघायचं, ओहोटी मुखाकडं नेणार, आणि त्या वेळी मतलई वारापण जमिनीकडून समुद्राकडंच असतो. अकराच्या आत मुखाजवळ पोचायचंच, कारण समुद्राकडनं खारा वारा सुटला आणि ओहोटी अजून बाहेर जात असली तर समोरासमोर टक्कर होऊन आखूड, उभ्या लाटा उठतात, आमच्या सोळा फुटी प्लायवूडच्या होडीला त्या झेपायच्या नाहीत. जेवून एकनंतर परत, भरती आणि वारा दोन्ही पाठीशी. फक्त वर कद्रा धरणातनं पाणी सोडणार आहेत का ते आदल्या दिवशी विचारायचं, नाहीतर सगळं गणित बोंबललं.

होडीचं म्हणाल तर रिगरचे, म्हणजे वल्हं अडकवायच्या चौकटीचे, साधे लोखंडी नट दोन दिवसांत गंजले, गोड्या पाण्यानं धुवायचं राहिलं, चूक माझीच. बेळगावच्या उद्यमबागेतनं खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या ३१६ स्टेनलेसचे आणलेत. तीन किलोचा नांगरपण घेतलाय, म्हणजे उशीर झालाच तर काठाला टाकून गप बसायचं, खांबाशी कुस्ती नाही.

भाजी-पुरी डब्यात बांधून न्यायची ठरली आहे, दोस्त अजून कुरकुरतोय.