मेकाँगची पातळी किती?

महिनाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नाही. नोव्हेंबरात आई-बाबा आणि पुण्याहून दादा असे तिघं बँकॉकला माझ्याकडे येताहेत. फुकेत, पट्टाया असं मी सुचवून पाहिलं. बाबांनी एका ओळीत निकाल लावला, "समुद्र कोकणात बघितलाय. नदी दाखव." सांगलीच्या माणसाकडून वेगळी अपेक्षा नव्हतीच.

दोन दिवसांत त्यांची यादी आली. नकाशावर बोट फिरवून त्यांनी मेकाँगचा अख्खा थाई काठ उचलला होता: मुकदाहान, थाट फनोम, नाखोन फनोम, बुंग कान, नाँगखाय, च्यांगखान, आणि तिथून "तसंच नदीनं वर" च्यांग खाँग. आठ दिवसांत. मुकदाहानपासून नाँगखायपर्यंतच चारशे किलोमीटर होतात, हे मी सांगितलं. "मग काय झालं, रोज शंभर," बाबा म्हणाले.

खरी अडचण पुढे होती. च्यांगखानच्या वर मेकाँग थायलंडच्या हद्दीवर नसतेच. च्यांग खाँगच्या खाली ती लाओसमध्ये शिरते, शेकडो किलोमीटर आत वळसे घेते आणि च्यांगखानजवळ पुन्हा सीमेवर येते. म्हणजे नदीनं वर जायचं तर नावेनं लाओसमधून. गाडीनं जायचं तर नदी सोडून डोंगरातून. हे कळल्यावर बाबा दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी स्वतःच च्यांग खाँग खोडलं. मी त्याच्याबरोबर नाखोन फनोम, थाट फनोमही खोडून घेतलं. थाट फनोमचा स्तूप सोडताना वाईट वाटलं. तो १९७५च्या ऑगस्टमध्ये पावसात कोसळला होता आणि पुढच्या चार वर्षांत लोकांनी पुन्हा उभा केला. पण एका सहलीत दोन सहली कोंबल्या की दोन्हींची वाट लागते.

उरलं ते एवढं: उडॉन थानी, नाँगखाय, सीच्यांगमाय, सांगखोम, च्यांगखान, लोई आणि परत उडॉन. सगळं मिळून साधारण साडेचारशे किलोमीटर. चार रात्री. मी हा रस्ता दोन वर्षांपूर्वी एकदा केलाय, त्यामुळे कुठे थांबायचं आणि कुठे नुसता हात हलवून पुढे जायचं, ते मला ठाऊक आहे.

(उडॉन थानी म्हणजे 'उत्तरधानी', बरं का. उबोन राचथानी म्हणजे 'उत्पल राजधानी'. इथल्या पाट्या वाचायला शिकले तेव्हा पहिले काही महिने मी अशीच नावं सोलत बसायचे. नदीलाही थाई लोक नुसतं मेकाँग म्हणत नाहीत. 'मे नाम' म्हणजे नदी. 'मे' आई, 'नाम' पाणी. बाबा म्हणाले, "म्हणजे कृष्णामाईच की.")

तारीख कशी ठरली ते सांगते, कारण सगळा घोळ तिथेच होता. ऑक्टोबरात तिकिटं स्वस्त होती. ऑक्टोबरच्या पौर्णिमेला इथे 'ओक फान्सा' असतो, बौद्ध भिक्षूंचा वर्षावास संपतो. 'फान्सा' म्हणजे आपली वर्षाच. ही पौर्णिमा बहुतेक वेळा आपल्या कोजागिरीला लागूनच येते. त्या रात्री नाँगखायच्या पूर्वेला फोन फिसायच्या काठावर हजारो माणसं पाण्याकडे डोळे लावून बसतात, कारण नदीतून लालसर गोळे निघून आकाशात जातात आणि विझतात. नागराजाचे श्वास, असं लोक मानतात. कोणी म्हणतं नदीतळाचा वायू. २००२ साली एका थाई वाहिनीनं दाखवलं की पलीकडच्या काठावरून बंदुकीचे बार काढतात, तर लोक नागावर नाही, वाहिनीवर चिडले. बघण्यासारखं आहे, पण त्या रात्री तिथे खोली मिळत नाही आणि परतीच्या वाटेवर गाडी तासन्‌तास हलत नाही. आईचे गुडघे लक्षात घेता मी ते बाद केलं.

शिवाय पाणी. बाबांची सवय तुम्हाला ठाऊक नसेल. सांगलीत पावसाळ्यात लोक सकाळी उठून आधी आयर्विन पुलाची पातळी विचारतात, मग चहा घेतात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. २०१९ला पाणी सत्तावन्नच्या वर गेलं तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता आणि आई-बाबा आठ दिवस आत्याकडे मिरजेत. तेव्हापासून बाबांना कुठल्याही नदीची पातळी विचारल्याशिवाय चैन पडत नाही. मेकाँग नदी आयोग रोजची पातळी इंटरनेटवर टाकतो, हे मी त्यांना चुकून सांगितलं. झालं. नाँगखायची पूरपातळी १२.२० मीटर आहे, हे त्यांनी शोधून काढलं आणि रात्री साडेदहाला फोन केला.

"अगं, बारा पॉइंट वीस म्हणजे बरोबर चाळीस फूट की!"

आता पातळीचा शून्य कुठून धरलाय यावर सगळं असतं, दोन्ही आकड्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. हे ते माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. तरी त्या चाळीस फुटांनी त्यांचं मेकाँगशी नातं जुळलं ते जुळलंच. सप्टेंबर २०२४मध्ये नाँगखाय शहरात पाणी शिरलं होतं, तेही त्यांनी शोधलं आणि मला विचारलं, "तू तेव्हा बोलली नाहीस ते?"

तर पावसाळा आणि त्याची शेपटी टाळायची, हे ठरलं. डिसेंबर-जानेवारी उत्तम. लोई हा थायलंडातल्या थंड प्रांतांपैकी एक, सकाळी अंगावर स्वेटर लागतं, बँकॉकवाल्यांना त्याचंच अप्रूप. पण दादाला सुट्टी नोव्हेंबरातच मिळते. मग आईनं पंचांग काढलं आणि प्रश्न सुटला. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला इथे 'लॉय क्रथोंग'. केळीच्या खोडाची चकती, तिच्याभोवती पानांची दुमड, वर फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. ते नदीत सोडायचं. आपली त्रिपुरी पौर्णिमा. आईनं एवढंच विचारलं, "म्हणजे तिथंही दिवे सोडतात होय?" आणि तारीख पक्की झाली.

आता मार्ग. बँकॉकहून उडॉनला विमानानं तासाभरात जाता येतं, पण आम्ही रात्रीच्या गाडीनं जाणार आहोत. लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३पासून जुन्या हुआ लम्फोंगऐवजी क्रुंग थेप अफिवट या नव्या भल्यामोठ्या स्टेशनातून सुटतात. नाँगखायची स्लीपर गाडी रात्री निघते, पहाटे उडॉनला पोचते. खालचा बर्थ थोडा महाग आणि रुंद असतो. एसी मात्र अंगावर येतो, तेव्हा आईला शाल पर्समध्येच ठेवायला सांगितलंय, बॅगेत नाही.

गाडी उडॉनला भाड्यानं घ्यायची. रस्ते डाव्या बाजूचे, आपल्यासारखेच, म्हणून दादालाही चालवता येईल. फक्त त्यानं निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायला हवा: फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. हे मी त्याला दर आठवड्याला आठवण करून देतेय, कारण गेल्या वेळी माझ्या नवऱ्याच्या परवान्याची मुदत संपल्याचं एका गाडीवाल्याच्या काउंटरवरच कळलं आणि दोनशे किलोमीटर मी एकटीनं चालवली. (नवरा शेजारी बसून मला गिअर सांगत होता. गाडी ऑटोमॅटिक होती.) महामार्गावर उजवीकडे वळायला दुभाजकात यू-टर्नची जागा येईपर्यंत पुढे जावं लागतं, ते अंगवळणी पडायला एक दिवस लागतो. पेट्रोल पंपावरची स्वच्छतागृहं मात्र आईला दाखवायची आहेत. त्यासाठी वेगळा फोटो काढील ती, लिहून ठेवा.

उडॉनपासून नाँगखाय अवघं पन्नास-पंचावन्न किलोमीटर. नाँगखायला एक रात्र. १९९४ साली झालेला पहिला थाई-लाओ मैत्री पूल तिथे आहे. एक हजार एकशे सत्तर मीटर लांब, मधून रेल्वेचा रूळ. पलीकडे लाओसची राजधानी व्हिएनत्यान. भाड्याची गाडी परवानगीशिवाय पलीकडे नेता येत नाही, तेव्हा लाओस काठावरूनच बघायचा. दोन्ही काठांवरचे लोक एकच भाषा बोलतात म्हणायला हरकत नाही. १८९३ साली फ्रेंचांनी सयामकडून, म्हणजे तेव्हाच्या थायलंडकडून, डावा काठ घेतला, तेव्हापासून नदी सीमा झाली.

नाँगखायला मला दोन गोष्टी दाखवायच्या आहेत. एक, साला केव कू. बुनलुआ सुलिलत नावाच्या साधकानं १९७८पासून इथे सिमेंटच्या प्रचंड मूर्ती उभारल्या: सात फण्यांचा नाग, बुद्ध, शिव, विष्णू, सगळे एका मैदानात. आधी त्यानं असंच एक उद्यान व्हिएनत्यानजवळ केलं होतं, तिकडे राजवट बदलल्यावर तो नदी ओलांडून इकडे आला. दुसरी गोष्ट बहुतेक दिसणारच नाही: १८४७ साली नदीनं काठ कापला आणि एक स्तूप पाण्यात गेला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचं डोकं वर येतं. नोव्हेंबरात तिथे फक्त पाणी असेल. बाबांना तरी ती जागा दाखवणार आहे. नरसोबाच्या वाडीला पाणी देवळात शिरतं तेव्हा हात जोडून उभं राहणारा माणूस आहे तो.

नाँगखायपासून च्यांगखानपर्यंत २११ क्रमांकाचा रस्ता. दोनशे किलोमीटरच्या आसपास. ठरवलं तर चार तासांचा. आम्ही दोन दिवस घेणार. सीच्यांगमाय गावात पुष्कळ व्हिएतनामी घरं आहेत आणि तिथे तांदळाचे पातळ कागद करतात, स्प्रिंग रोलचे. पीठ कापडावर ओतून वाफवायचं, मग बांबूच्या ताट्यांवर उन्हात. तिथे उभी होते तेव्हा मला आजीच्या गच्चीवरच्या फेण्या आठवल्या. राखण करायला मी नव्हते, एवढाच फरक. इथे सकाळीच पोचायचं, दुपारी ताट्या रिकाम्या असतात.

सांगखोमला रात्र. वर वाट फा ताक सुआ नावाचा विहार, त्याच्या कड्यावर काचेचा सज्जा आहे, खाली नदीचं मोठं वळण. चढ आहे, दुसरा गिअर लागतो. आई काचेवर जाणार नाही, बाबा जातील आणि खाली पाणी किती हे विचारतील.

जेवण. ही माझी सर्वांत मोठी काळजी होती, आई शाकाहारी. इसानमध्ये, म्हणजे थायलंडच्या या ईशान्य भागात, आंबवलेल्या माशाचं पाणी, 'प्ला रा', कुठेही लपलेलं असतं, पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा. 'माय साय प्ला रा, माय साय नाम प्ला' ('प्ला रा घालू नका, फिश सॉस घालू नका') ही दोन वाक्यं मी आईकडून फोनवर पाठ करून घेतलीत. शाकाहाराला थाई शब्द 'मांगसविरात', म्हणजे चक्क 'मांसविरती', पण छोट्या गावात त्यापेक्षा 'जे' हा शब्द चालतो. पिवळी पाटी, त्यावर लाल अक्षर. 'जे'मध्ये मांस-मासे-अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. हे ऐकून आई म्हणाली, "मग माझी काळजी नको करूस, तुझ्या बाबांचंच कठीण आहे." बाबांसाठी नाँगखायचे 'नेम नुआंग' आहेत, भाजलेलं मांस तांदळाच्या त्याच कागदात, पाल्याबरोबर गुंडाळून. चिकट भात सगळ्यांना आवडेल.

शेवटी च्यांगखानला दोन रात्री. लाकडी घरांची एक लांब गल्ली, नदीला समांतर. संध्याकाळी तिथे बाजार भरतो आणि शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आठवड्याच्या मधले दिवस धरलेत. पौर्णिमेला गर्दी असेलच, तिला इलाज नाही. पहाटे भिक्षूंना भिक्षा वाढतात ती फक्त चिकट भाताची. कालवणं नंतर विहारात पोचवायची, अशी इथली रीत. पर्यटकांसाठी दुकानदार भरगच्च ताटं विकतात, ती घ्यायची नाहीत. चटईवर बसायचं, चपला काढायच्या आणि भिक्षूंच्या तोंडासमोर मोबाईल धरायचा नाही. हे दादासाठी लिहिलंय.

बाबांना मात्र नदीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवलीय. च्यांगखानच्या वर लाओसमध्ये सायाबुरी धरण आहे, २०१९च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं. त्यानंतर इथलं पाणी अवेळी चढतं-उतरतं आणि एरवीची गढूळ नदी कधीकधी निळसर, नितळ दिसते. गाळ वर अडतो म्हणून. पर्यटक खूश होऊन फोटो काढतात. मासेमारी करणारे खूश नाहीत. बाबांनी यावर फक्त "कोयना आणि अलमट्टी" एवढंच लिहिलं. ग्रुपवर त्या दिवशी पुढे कोणी काही बोललं नाही.

च्यांगखानला आणखी एक प्रकार आहे, 'फासात लॉय ख्रो'. मेणाच्या फुलांनी सजवलेला छोटा तराफा, त्यावर आपली पीडा ठेवून नदीत सोडायची. 'ख्रो' म्हणजे ग्रह, 'फासात' म्हणजे प्रासाद. ग्रहांना महालात बसवून पाठवणी. दादाची साडेसाती चालू असल्यानं आईनं हे वहीत लाल शाईनं लिहून घेतलंय.

खोल्या झाल्या, रेल्वेची तिकिटं झाली. दादाचा परवाना अजून झालेला नाही. काल रात्री बाबांचा मेसेज आला, "नाँगखाय आज उतरतंय." त्याच्याखाली आईचा आवाजी निरोप होता, आणि मागून मिक्सरचा आवाज:

"अगं, त्रिपुरवाती मी इथनंच आणते, तुपात भिजवून डब्यात. त्यांच्या मेणबत्तीच्या शेजारी एक लावली तर चालेल ना त्यांना? तेवढं कुणाला तरी विचारून ठेव."