चार डिग्रीचं पाणी

मासेमारी म्हटलं की लोकांना पहाटे चारचा गजर आठवतो, आणि उन्हाळ्यात ते खरंही आहे, पण थंड देशांत वसंताच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे तळ्यावरचा बर्फ नुकताच गेलाय आणि सावलीत अजून स्वेटर घालावा लागतोय अशा दिवसांत पहाटे जाऊन फक्त नाक गळतं, गळाला काही लागत नाही. हे दिवस दुपारचे. निवांत जेवून निघावं, ऊन डोक्यावरून कलायला लागलं की काठाला पोचावं, आळशी माणसाला यापेक्षा चांगला सीझन नाही.

त्यात आळस माशाचाही आहेच म्हणा. माशाला स्वतःची ऊब नसते, पाणी जेवढं गार तेवढाच तो गार, त्याची भूक, पचन, पळापळ सगळं पाण्याच्या हातात. पाच-सहा डिग्रीच्या पाण्यात एकदा पोटभर खाल्लं की ते जिरायला दिवसच्या दिवस जातात, मग तो तुमच्या चमकत्या लुअरमागे, म्हणजे नकली आमिषामागे, उगाच कशाला धावेल? म्हणून आमिष छोटं आणि चाल एकदम मंद, इतकी मंद की आपल्यालाच कंटाळा यावा. थोडं ओढायचं, थांबायचं, परत थोडं ओढायचं. बहुतेक वेळा मासा घेतो तो त्या थांबण्यातच, आणि तेही हिसका देऊन नाही, दोरी नुसती जड झाल्यासारखी वाटते.

लोक विचारतात मार्चमध्ये कुठला मासा धरावा, एप्रिलमध्ये कुठला. महिन्यावरून सांगता येत नाही हो, एकाच महिन्यात एका तळ्यावर बर्फ असतो आणि दुसऱ्यात बेडूक ओरडत असतात. साधा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडावा, तो सांगेल ते ऐकावं. पाणी सगळ्यात जड असतं ४ डिग्रीला, त्यामुळे हिवाळाभर तळाशी साधारण तेवढं पाणी असतं आणि त्याहून गार पाणी वर, बर्फाखाली. बर्फ गेला की वरचं पाणी तापत तापत ४ पर्यंत येतं, मग वरचं खालचं सारखंच जड, आणि वाऱ्याचा एक जोरदार दिवस अख्खं तळं ढवळून काढतो, ऑक्सिजन पार तळापर्यंत जातो. तिथून पुढे काठ आधी तापायला लागतो. उत्तर गोलार्धात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं म्हणून उत्तरेचा काठ आधी, त्यातही उथळ आणि काळ्या गाळाची खाडी असेल तर दुपारपर्यंत बाकी तळ्यापेक्षा दोन-तीन डिग्री सहज जास्त. तेवढ्या फरकासाठी छोटे मासे तिकडे सरकतात आणि त्यांच्या मागे मोठे.

सगळ्यात आधी हलतो पाईक, लांबट शिकारी मासा. बर्फ निघाल्या निघाल्या, कधी कधी तर पुरता निघायच्या आधीच, पुराच्या पाण्यात बुडालेल्या गवतात तो अंडी घालायला येतो, आणि त्यातल्या माद्या नरांपेक्षा बऱ्याच मोठ्या. अंडी घालून झाल्यावर थोडे दिवस सुस्त, मग भूक लागते तेव्हा तळाशी ठेवलेला मेलेला मासासुद्धा उचलतो, शिकारी म्हणून नाव मोठं असलं तरी. दात भयंकर, गळाच्या आधी तारेचा तुकडा, म्हणजे वायर लीडर, पाहिजेच. पाणी सहा ते दहा झालं की वॉलआय नावाच्या माशाची पाळी, तो खडीवर, वाहत्या पाण्यात आणि रात्री अंडी घालतो. त्याच्या डोळ्यात उजेड परत फेकणारा थर असतो, अंधुक प्रकाशात त्याला आपल्या भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं, म्हणून त्याच्यासाठी मात्र संध्याकाळ उलटेपर्यंत थांबावं लागतं. पण पाईक आणि वॉलआय धरायला विणीच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी बंदी असते, ते नियम आधी बघा, आणि नियम नसला तरी अंड्यांनी भरलेली मादी पाण्यात परत सोडा की, एका फोटोसाठी किती ताणायचं.

ट्राउटला थंडी मानवते, दहा ते सोळा डिग्रीत तो खुशीत असतो. बर्फ वितळून गढूळ झालेल्या नदीत त्याच्या मागे लागू नये, ढगाळ दुपारी नितळ पाण्यावर बारीक माश्या उडायला लागल्या की जावं. आणि पाण्यात उतरत असाल तर खडीत फिकट, धुतल्यासारखे दिसणारे पट्टे तुडवू नका, रेनबो ट्राउट वसंतातच अंडी घालतो आणि ब्राउन ट्राउटची शरदातली पिल्लंही अजून खडीत असू शकतात.

पण मला कोणी खरंच विचारलं तर मी म्हणेन पर्च. लहान, पट्ट्यापट्ट्यांचा, कोणी भिंतीवर लावत नाही असा. सात ते बारा डिग्रीच्या आसपास ते घोळक्याने उथळ पाण्यात येतात, नर आधी येऊन थांबतात, आणि मादी झुडपांवर, बुडालेल्या फांद्यांवर अंड्यांची मीटरभर लांब जेलीसारखी माळ टाकून जाते. गांडुळाचा तुकडा, छोटा गळ, पाण्यावर तरंगणारा हलका फ्लोट, झालं सामान. एक मिळाला की जागा सोडायची नाही, कारण पर्च एकटा क्वचितच असतो. मोठा मासा मिळेल या आशेवर नुसतं बसून राहण्यापेक्षा हे मला जास्त आवडतं, नवीन माणसाला तर नक्कीच इथूनच सुरुवात करायला सांगेन. दहाच्या पुढे क्रॅपी नावाचे मासेही बुडालेल्या झाडांपाशी येऊन लटकायला लागतात, त्यांच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ, जोरात झटका दिला की फाटते आणि मासा गेला, तेव्हा नुसतं हळू उचलायचं.

बास या माशाचे चाहते तेवढे तळमळत असतात. पाणी दहाच्या खाली असताना बास मिळत नाही असं नाही, पण खोल उताराच्या कडेला जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, तळाशी ठेवून तासन् तास बसायची तयारी हवी, खरा उथळात येतो तो पंधराच्या आसपास पाणी गेल्यावर. कॅटफिशचं विचारूच नका, तो अजून बराच लांब आहे. आणि हो, हवा कितीही उबदार वाटली तरी पाणी जीवघेणं गार असतं, बोटीत लाइफ जॅकेट अंगात घाला, सीटखाली ठेवू नका.