तुम्ही विचारलेत म्हणून: पत्रादेवीचा तो मुलगा

‘गोवा मुक्तिलढ्यावरच्या पॉडकास्टमध्ये तुम्ही ज्यांच्याविषयी बोलता, त्यांच्यापैकी कोणी कधी संपर्क साधतो का?’ हा प्रश्न म्हापशाच्या बाजारात भेटणारे परिचितही मला विचारतात. (भाग मराठीत का, कोकणीत का नाहीत, हा दुसरा नेहमीचा प्रश्न, त्याचे उत्तर पुन्हा कधी.) माझे उत्तर बरीच वर्षे ‘नाही’ असेच होते, कारण त्या लढ्यात विशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. बांद्याच्या अंगाने गोव्याच्या सरहद्दीवरच्या पत्रादेवी गावी आलेल्या सत्याग्रहींवरचा भाग मी सावंतवाडीच्या एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींवर बेतला होता. त्यांनी लहानपणी पाहिलेला एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, खांद्याचे हाड मोडलेले असूनही, परतीच्या ट्रकमध्ये चढायला तयार नव्हता. मागे राहिलेल्या मित्राला तो चिखलात शोधत होता. या प्रसंगावर मी भाग संपवला आणि त्याखाली, आता सांगायला संकोच वाटतो, सारंगीही घातली.

दोन महिन्यांनी सातारा जिल्ह्यातून फोन आला. नातीने भाग ऐकवल्याचे सांगून ते आजोबा म्हणाले, “तो मुलगा मी. पण खांदा डावा नव्हे, उजवा.” मी टिपणवही काढली. शिक्षकांनी उजवाच सांगितला होता. ध्वनिमुद्रणात डावा म्हणण्याची चूक माझी होती. उजवा खांदा त्या शिक्षकांना, मला आणि खुद्द जखमी झालेल्यालाच ठाऊक असणार, म्हणून पुढचे मी अधिक सावध कानाने ऐकले.

“आणि मित्र कुठला हो? मी चपला शोधत होतो. दादाच्या, नव्या कोऱ्या. त्याला न विचारता घालून आलो होतो.”

शिक्षकांनी खोटे सांगितले, असे मला वाटत नाही. गोळीबारानंतर रडत काहीतरी शोधणारा मुलगा दुरून पाहणाऱ्या बालकाला तो मित्रालाच शोधतो आहे, असे वाटणे स्वाभाविक होते. माझा दोष अधिक मोठा आहे: एकाच साक्षीवर उभा असलेला तपशील तसा न सांगता मी त्यावर शेवट रचला, कारण तो शेवट मला आवडला होता. लढ्याच्या कथनात चपला शोभणार नाहीत, असे कोणी म्हणेल. मला मात्र पावसाळ्यात, उसन्या चपला घालून सरहद्द ओलांडणारा मुलगा अधिक खरा दिसू लागला.

मूळ भाग मी काढून टाकला नाही. त्याच्या शेवटी चार मिनिटांची दुरुस्ती जोडली आणि सारंगी काढली. ती ऐकून आजोबांचा पुन्हा फोन आला. दुरुस्ती त्यांना अपुरी वाटली. घरी पोहोचल्यावर दादाने खांद्याकडे पाहण्याआधी चपलांचीच चौकशी केली होती, तेही घाला, असा त्यांचा आग्रह होता.