तुम्ही विचारलेत म्हणून: डाळिंबाचा रस आणि तांबड्या पेशी

अहवाल हाती पडला की माझ्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी हमखास प्रश्न येतो: "डॉक्टर, रोज बीट-डाळिंबाचा रस घेते, त्यात अँटिऑक्सिडंट असतात म्हणे, मग हिमोग्लोबिन साडेनऊच कसे?" खिडकीतून दोन मिनिटांत देता येईल असे याचे उत्तर नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

रक्त घेताना टेबलावर सांडलेला थेंब पुसायचा राहिला, तर तो सुकून तपकिरी होतो. हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन मेथेमोग्लोबिन बनते आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. हीच क्रिया शरीरातही अखंड चालू असते; असे ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. दिवसाला सुमारे ३ टक्के हिमोग्लोबिन असे बिघडते आणि पेशी ते लगोलग दुरुस्त करते, म्हणून निरोगी माणसात त्याचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपासच राहते.

नवल याचे, की तांबड्या पेशीला केंद्रक नाही आणि नवे प्रथिन बनवण्याची सोयही नाही. घडताना बरोबर मिळालेल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) शिदोरीवर तिला सुमारे १२० दिवस काढावे लागतात. ऑक्सिडीकरणापासून वाचवणारी कॅटालेज, ग्लुटाथायोन ही द्रव्ये तिची घरचीच राखण आहे आणि डाळिंबातली रंगद्रव्ये तिची जागा घेऊ शकत नाहीत. आहार पुरवतो तो या राखणीचा कच्चा माल. वापरून झालेले ग्लुटाथायोन पुन्हा कामाला जुंपणाऱ्या विकराला बी-२ जीवनसत्त्व लागते, जे दूध-ताकातून मिळते. पेशीच्या आवरणातील मेद खवट होऊ नये म्हणून शेंगदाण्यात आणि तेलात असलेले ई जीवनसत्त्व लागते. रोजच्या ताटाचे मोल मला रसापेक्षा अधिक वाटते ते यामुळेच.

ही राखण जन्मतःच अधू असली तर काय होते, हे मी एका काचपट्टीवर पाहिले आहे. हिवतापासाठी प्रायमाक्विन घेतल्यावर एका तरुणाची लघवी काळपट झाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कित्येक पेशींच्या कडेचा, भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तसा, लचका गेलेला दिसला. ग्लुटाथायोनला कामाला लावण्यासाठी लागणाऱ्या जी६पीडी या विकराची त्याच्यात कमतरता निघाली. गंमत अशी, की अशा माणसाला सी जीवनसत्त्वाचे मोठे डोस शिरेतून दिले, तर एरवी अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवणारे तेच द्रव्य त्याच्या पेशी फोडू शकते. 'जितके जास्त तितके चांगले' हा हिशेब मला पटत नाही, तो म्हणून.

आता साडेनऊचे. राखण आणि उत्पादन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे बायकांचे हिमोग्लोबिन कमी असते ते बहुतेक वेळा लोहाअभावी उत्पादनच अडल्यामुळे. फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारे प्रथिन, रक्तात किती आहे हे तपासले की ते कळते. भाजी-डाळीतले लोह एरवीही अंगी कमीच लागते. जेवताना लिंबू पिळले तर ते अधिक लागते आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी, कारण चहातली पॉलिफिनॉल त्याला आतड्यातच बांधून ठेवतात. ही पॉलिफिनॉलसुद्धा अँटिऑक्सिडंटच. म्हणून रसाची चौकशी करणाऱ्या बाईंना मी उलट विचारतो, की जेवणानंतर चहा किती वेळाने घेता. "ताट उचलायच्या आधीच," असे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे.